नॉक्टुआचा ६० मिलिमीटरचा पंखा: घरघर थांबली, पण तापमान मोजूनच

माझ्या टेबलावरील ३० व्होल्ट, ५ अँपिअरच्या लिनिअर पॉवर सप्लायचा (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवून हवे तेवढे व्होल्टेज देणाऱ्या उपकरणाचा) पंखा भार असो वा नसो, पूर्ण वेगाने फिरत असे. अ‍ॅम्प्लिफायरमधील बारीक गुणगुण कानाने शोधताना त्याची घरघर असह्य होई. त्याच्या जागी मी नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएफ-ए६×२५ एफएलएक्स बसवला. १२ व्होल्टवर मिनिटाला ३००० फेरे आणि १९.३ डेसिबल हे कंपनीचे आकडे आहेत, आणि प्रत्यक्षातही हातभर अंतरावरून आता केवळ हवेची मंद सळसळ ऐकू येते. सोबतच्या सिलिकॉनच्या खुंट्यांमुळे पत्र्याच्या केबिनेटची थरथरही नाहीशी झाली.

तरीही केवळ शांततेवर समाधान मानणे योग्य नव्हे. लिनिअर सप्लायमध्ये रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधी १५ व्होल्ट आणि बाहेर ५ व्होल्ट असतील, तर ३ अँपिअरला ३० वॅट उष्णता हीटसिंकवरच (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागावरच) जिरते. म्हणजे कमी व्होल्टेज आणि जास्त करंट हीच खरी कसोटी. या स्थितीत तासाभराने थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या सेन्सरने) मोजले, तेव्हा हीटसिंक पूर्वीच्या ५४ अंशांऐवजी ६१ अंशांवर स्थिरावला, जे मला मान्य आहे. पंख्यासोबत मिळणारी वेग कमी करणारी वायर जोडल्यावर मात्र तो ६८ अंशांवर गेला, म्हणून ती मी काढून ठेवली. सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (विद्युतभार साठवणाऱ्या भागांचे) आयुष्य साधारण दर १० अंश वाढीला निम्मे होते, हे विसरून मिळवलेली शांतता पुढे महागात पडते.

वेग आणखी घटवण्यापेक्षा पत्र्यात ठोकून काढलेली छिद्रांची जाळी कापून तारेची जाळी लावणे मला अधिक लाभदायक वाटले, कारण आवाजाचा मोठा भाग त्या छिद्रांच्या कडांवर फाटणाऱ्या हवेचाच होता. कापताना लोखंडाचा कीस सर्किटवर पडू नये म्हणून बोर्ड आधी बाहेर काढावा.

किंमत साध्या पंख्याच्या कितीतरी पट आहे, पण ६ वर्षांची वॉरंटी पाहता मला ती पटते. मूळ पंखा २४ व्होल्टचा असेल किंवा तापमानानुसार त्याचे व्होल्टेज बदलत असेल, तर खरेदीपूर्वी ते मोजून घ्यावे. ज्या मल्टिमीटरची अचूकता २३ अंशांच्या आसपासच ग्राह्य धरलेली असते, त्याच्या आत हा बदल मी कॅलिब्रेशनची (अचूकता तपासून जुळवण्याची) सोय असल्याशिवाय करणार नाही.