जैसलमेरजवळचं एक घर: दोन मुक्काम, एक गोडावण

पाचपैकी पाच. उणिवाही सांगणार आहे, पण त्यांच्यासाठी गुण कापणार नाही.

जैसलमेरहून समकडे जाताना, वाळूच्या टेकड्या लागायच्या आत, रस्ता सोडून आत गेलं की एक छोटी वस्ती आहे. तिथल्या एका घरी आम्ही नवराबायको जानेवारी २०२५मध्ये दोन रात्री राहिलो. राहणं, घरचं जेवण आणि यजमानांच्या जीपमधून सकाळ-संध्याकाळ माळावर फेरी, अशी ही सगळी मिळून सेवा. घराचं नाव मुद्दाम देत नाही. निघताना यजमानांनीच हात जोडून सांगितलं, "हुकुम, लिहा जरूर, पण नाव नको. एकदम दहा गाड्या आल्या तर गोडावण इथून उठेल." हुकुम म्हणजे आपलं साहेब, आणि गोडावण म्हणजे आपला माळढोक. राजस्थानचा राज्यपक्षी.

पहिली रात्र आम्ही समच्या टेकड्यांपाशी एका तंबूवाल्या कॅम्पात काढली होती, ती फुकट गेली. रात्री उशिरापर्यंत डीजे, जमीन हादरेल असा. हिने उशी कानावर घेतली आणि म्हणाली, "अहो, माणसाला झोप येईना, तिथे पाखरू काय करत असेल?" सकाळी उठून सामान उचललं आणि एका पक्षीमित्राने सुचवलेलं हे घर गाठलं.

घर मातीचं, जाड भिंतींचं, शेणाने सारवलेलं. खोली एकच, पाहुण्यांसाठी वेगळी काढलेली. गरम पाणी चुलीवरचं, बादलीत. संडास अंगणाच्या टोकाला, आणि पहाटेच्या थंडीत तिथवर जाणं आमच्या वयाला जड जातं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानात घेऊन जावं. रजया मात्र भरपूर आणि स्वच्छ. जेवणाला बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी, कढी, लसणाची लाल चटणी. सोगरा म्हणजे आपली भाकरीच, पण जाड, आणि वर तुपाचा गोळा. हिने डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून दिली, तेव्हा घरच्या वहिनींनी ती भाकरी मोडून बघितली, आवाज ऐकून हसल्या आणि चटणीची कृती लिहून घेतली. दोन दिवसांत एकदाही आम्ही पाहुणे आहोत असं वाटलं नाही.

पण मी गेलो होतो पक्ष्यासाठी. का, ते सांगायला हवं.

माझं गाव नान्नजजवळ, उत्तर सोलापूर तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. शेरडं घेऊन माळावर जायचो. तिथे कमरेएवढा उंच पक्षी सावकाश पावलं टाकत चालायचा, एखाद्या म्हाताऱ्या पाटलाने शेताची पाहणी करावी तसा. जुनी माणसं त्याला हूमही म्हणत, त्याच्या आवाजावरून. पावसाच्या तोंडाला तो आवाज लांबून यायचा, रिकाम्या रांजणात कुणी घुमावं तसा. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी सरांनी नान्नजच्या माळढोकांकडे लोकांचं लक्ष वेधलं ते त्याच सुमारास. १९७९ साली अभयारण्य झालं. पुढे मी तलाठी झालो आणि एकतीस वर्षं त्याच तालुक्यात नोकरी केली. आज नान्नजला एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. माझ्या नातीला तो गावात दाखवता येईना, म्हणून बाराशे किलोमीटरहून लांब आलो.

पहिल्या संध्याकाळी यजमानांनी जीप माळाच्या कडेला उभी केली आणि आम्हाला खाली उतरवलं. त्यांचा नियम साधा: जीप रुळलेल्या वाटेवरच, पक्षी दिसला तर इंजिन बंद, कुणीही पुढे चालत जायचं नाही, आणि घरट्याच्या दिवसांत ते पाहुणे घेतच नाहीत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला एकदा उठवलं की कुत्रा, कोल्हा किंवा घोरपड ते अंडं सोडत नाही. पैसे मिळत असताना असा नियम पाळणारा वाटाड्या मी दुसरा पाहिला नाही.

त्या संध्याकाळी गोडावण दिसला नाही. दिसल्या त्या तारा. विजेच्या उच्चदाबाच्या वाहिन्या, एकीमागे एक, क्षितिजापर्यंत. त्यांच्या खालून चालताना यजमान थांबले. सेवण गवताच्या झुडपाला टेकून एक मोठं गिधाड पडलं होतं. उजवा पंख खांद्यापासून तुटून आठ-दहा पावलांवर. डोळ्याला मुंग्या लागलेल्या, पण पिसं अजून ताजी, वाऱ्याने हलत होती. यजमानांनी मोबाईलवर फोटो काढला, जागेची खूण जोडून वनरक्षकाला पाठवला. जवळच तारेवरून गळून पडलेली एक चकती होती. पक्ष्यांना तार दिसावी म्हणून अशा फिरत्या चकत्या टांगतात. मी ती उचलली. तळहाताहून थोडी मोठी, प्लास्टिकची, चकाकणारी पट्टी अर्धी निघालेली, आणि तारेला धरणारा चिमटा मोडलेला. वर बघितलं तर तिच्या शेजारची चकती होती, पण वारा असूनही फिरत नव्हती.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने या भागाचा अभ्यास करून २०२० साली अंदाज मांडला. राष्ट्रीय मरू उद्यान आणि आसपासच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी तारांमुळे मरतात, आणि थरच्या वाळवंटातले गोडावण वर्षाला सुमारे १८. याच संस्थेने २०१८च्या सुमारास थरमध्ये मोजले होते ते सगळे मिळून १२८च्या घरात. १२८मधून वर्षाला १८ जायला लागले, तर हिशेबाला तलाठी लागत नाही. यजमानांनी कारण हाताने दाखवलं. दोन्ही तळवे कानांपाशी धरले. "याचे डोळे इथे. खाली आणि बाजूला सगळं दिसतं, समोरचं कमी. आणि अंगाने जड." नर पंधरा किलोपर्यंत भरतो. तार दिसली तरी तेवढं वजन ऐन वेळी वळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला दिसला. आधी नुसती मान, गवताच्या वर एक पांढरी रेघ. मग काळी टोपी. नर होता. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, चोच खाली न्यायचा, पुन्हा चार पावलं. बावन्न वर्षांनी मी तीच चाल बघत होतो. ही माझा हात घट्ट धरून उभी होती. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग त्याने पंख उघडले, थोडं धावला आणि उडाला. जड, संथ, खालूनच. तारा आमच्या उजव्या हाताला होत्या. तो डावीकडे गेला. यजमानांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "आज उधर नहीं गया," एवढंच म्हणाले.

या सेवेचं खरं मोल मला रात्री शेकोटीपाशी कळलं. यजमानांनी त्यांच्या ओरणाची गोष्ट सांगितली. ओरण म्हणजे आपली देवराई, पण इथे झाडी कमी, गवताळ राखीव माळ जास्त. देवाच्या नावाचं, कुऱ्हाड न चालणारं, पिढ्यान्पिढ्या गुरांना आणि गोडावणाला मोकळं. गाव त्याला ओरण म्हणतं. कागदावर मात्र बरीच जमीन सिवायचक, म्हणजे सरकारी, कुणाची नसलेली. असली जमीन सौरऊर्जेच्या प्रकल्पाला द्यायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे ऐकताना माझ्या पोटात कालवलं. सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यात "लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन" असं सदर असायचं आणि त्याखाली "स्वरूप" नावाचा रकाना. त्यात मी एकतीस वर्षं लिहीत आलो: गवत पड. कुसळीने भरलेला, काळवीट, लांडगा, पखुर्ड्या आणि माळढोक सांभाळणारा माळ, आणि माझ्या अक्षरात तो पड. चूक माझ्या एकट्याची नव्हती, नियमात दुसरा शब्दच नव्हता. पण पड म्हटलेल्या जमिनीवर कुणालाही काहीही करता येतं. वनखात्याने तिथे झाडं लावली, ती माळढोकाला नको होती, त्याला चहूकडे नजर जाईल असं मोकळं रान लागतं. पाणी आलं तिथे ऊस आणि द्राक्षं आली. नान्नजच्या द्राक्षांचा मला अभिमान आहे, ती बाग लावणारी माणसं माझीच. पण माळाचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

अभयारण्याची रेघ ओढली तीही अशीच, माणसांना न विचारता. ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं आणि खासगी शेतं. जमिनीचे व्यवहार अडले. माझ्या चावडीत येऊन शेतकरी म्हणायचे, तात्या, तो पक्षी मेला तर आम्ही सुटू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१२मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तोवर लोकांची मनं तुटली होती. म्हणून मी आमदार-खासदारांना पुन्हा तशीच मोठी रेघ मागत नाही.

मी शब्द मागतो. माळरान हा जमिनीचा स्वतंत्र प्रकार कायद्यात आणा, महसुलाच्या नोंदीत आणा. त्याला पड म्हणणं थांबवा. गावाच्या गायरानावर, ओरणावर गावाचा हक्क लिहा, म्हणजे ते देताना ग्रामसभेला विचारावं लागेल. ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानला १८ डिसेंबर २०२४ रोजी दिला आहे. ओरणाचा शब्द न्यायालयाने दिला, माळाचा शब्द सभागृहाने द्यायला हवा. कारण न्यायालयाचा आदेश बदलू शकतो, आणि बदललाही. एप्रिल २०२१मध्ये न्यायालयाने गोडावणाच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. मार्च २०२४मध्ये तो आदेश सैल झाला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. सौरऊर्जा देशाला हवी, हे मला मान्य आहे. माझ्या स्वतःच्या शेतावर सौरपंप आहे, रात्री-अपरात्री पाणी द्यायला उठावं लागत नाही, त्याचं सुख मला ठाऊक आहे. पण जिथे तो पक्षी अंडी घालतो आणि जिथून रोज उडतो, तेवढ्या पट्ट्यात तरी तार खाली गेली पाहिजे आणि नवी वाहिनी वळसा घालून गेली पाहिजे. खर्च जास्त येईल. तो द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठीच आपण माणसं निवडून पाठवतो.

समजवळ आणि रामदेवरा इथे गोडावणांची पैदास केंद्रं आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू तिथे जन्मलं. आम्ही गेलो तेव्हा दोन्हीकडे मिळून चाळीसहून अधिक पक्षी होते. केंद्र पर्यटकांसाठी उघडं नाही, आणि ते योग्यच आहे, आम्ही रस्त्यावरूनच कुंपण पाहिलं. तिथे राबणाऱ्यांना माझा नमस्कार. पण ही पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? यजमानांनी हाच प्रश्न विचारला आणि तारांच्या दिशेला बोट केलं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. मरू उद्यानाचा परवाना आधी काढा, त्याचं शुल्क वेगळं. दुर्बीण आपली न्या, यजमानांकडे एकच आहे आणि तिची एक काच धूसर झाली आहे. जीप जुनी, उघडी, कानटोपी विसरू नका. गोडावण दिसेलच असं ते कबूल करत नाहीत, आणि नाही दिसला तर जास्तीच्या फेरीचे पैसे घेत नाहीत. नातवंडं असतील तर घेऊन जा. आम्ही नेली नाही, याची हळहळ राहिली.

घरी आल्यावर मी आमच्या गावच्या माळाचा उतारा ऑनलाइन काढला. पंधरा रुपये लागले. अजून तेच दोन शब्द. तो उतारा, मोडलेल्या चकतीचा फोटो आणि दोन पानी पत्र आमच्या आमदारांना आणि खासदारांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. यजमानांनी त्यांच्या ओरणाच्या नोंदीची प्रत व्हॉट्सॲपवर धाडली, तीही जोडली. पोच आली आहे, उत्तर नाही. मार्चमध्ये अधिवेशन सुरू झालं की मुंबईला जाऊन समक्ष भेटणार आहे, आणि चकती पिशवीत घेऊन जाणार आहे.