एसी१२०० राऊटर: घ्यावा, पण सेटिंग बदलूनच

खोक्यावरचा १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ बँडचे ८६७ एमबीपीएस यांची साधारण बेरीज. एका फोनला तेवढा वेग मिळत नाही. काही स्वस्त मॉडेलांत वॅन पोर्ट (इंटरनेटची तार जोडायची जागा) १०० एमबीपीएसचाच असतो. घेण्याआधी तेवढं बघाच, ते सेटिंगने सुधारत नाही.

मूळ सेटिंग मात्र आळशी. २.४ वर 'ऑटो' काढून १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचं चॅनेल निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० वर शेजारच्या नेटवर्कांशी टक्कर होते आणि व्हिडिओ अडखळतो. ५ वर ३६ ते ४८ ही चॅनेलं बरी. ५२ ते १४४ रडारही वापरतात; तिथे रडारचा सुगावा लागला की राऊटरला चॅनेल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. वायफाय मधेच गायब होतं ते कधी कधी यामुळे!

मोडेमही राऊटरचं काम करत असेल तर दुहेरी नॅट होतो, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते: ब्राउझिंग चालतं, ऑनलाइन गेम रुसतात. अशा वेळी नव्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोड लावा, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल. जुना प्रिंटर जोडला जात नसेल, तर वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ ऐवजी आधीचं डब्ल्यूपीए२-एईएस निवडा.

दोन-तीन खोल्यांना पुरेसा. मोठ्या घराला नाही.