एक्सएक्सडी: फाईल उसवून दाखवणारा कमांडवाला

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मी जकार्डच्या (मागावर नक्षी विणणारं यंत्र) डिझाईन फायली बघतो. गिऱ्हाईकाकडून आलेली बिटमॅप माग घेईना. आत काय आहे बघायला आधी साधा हेक्सडम्प मारला, म्हणजे फाईलचे बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड. बिटमॅपची सुरुवात ‘बीएम’ अक्षरांनी, म्हणजे ४२ ४डी अशी हवी (हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पायावरचे), इथं ४डी४२. फाईल बिघडली म्हणून डिझाईनरला फोनवर झापला. बिचारा गप्प ऐकत होता. चूक माझीच. नुसता हेक्सडम्प दोन-दोन बाइटची जोडी करून आकडा म्हणून छापतो, आणि आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर त्यात जोडी उलटी दिसते. कमांडला मोठा सी (-C) लावला की बाइट सरळ रांगेत येतात.

तेव्हापासून मी तेच काम करणारा दुसरा कमांडवाला, एक्सएक्सडीच वापरतो. विम एडिटर टाकला की सहसा सोबत येतो, फुकट. ‘एस १८, एल ४’ दिलं की अठराव्या (मोजणी शून्यापासून) बाइटपासून चारच बाइट, म्हणजे डिझाईनची रुंदी. आलं ४००५ ००००. सरळ वाचलं तर १६,३८९ हूक (जकार्डमधले धागे उचलणारे)! एवढी चादर अख्ख्या सिद्धेश्वर तलावावर टाकावी लागेल. आकडा मागून वाचायचा: ०५४०, म्हणजे १३४४. आमचा जकार्ड तेवढ्याचाच. इथं मात्र हेक्सडम्प बरा, तो आकडा आपणहून फिरवून देतो.

खरी गोम अठ्ठाविसाव्या बाइटला होती: १८००. हे १८ सोळाच्या पायावरचं, म्हणजे अठरा नव्हे, चोवीस. फाईल चोवीस बिटची रंगीत, आमच्या मागाला एक बिटची लागते. सेव्ह करताना एक पर्याय बदलला, काम झालं.

ओडी नावाचा असाच आणखी एक असतो, पण तो मुळात आठाच्या पायावरच्या आकड्यांत बोलतो. मला झेपत नाही.

तक्रार एकच. उजवीकडच्या अक्षरांच्या रांगेत मराठी म्हणजे नुसते ठिपके. ‘सोलापूर’ लिहून पाहिलं, यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट, एकवीस ठिपके.

परवा चौसष्ट हुकांचा छोटा मोर एक्सएक्सडीला ‘बी’ आणि ‘सी ८’ लावून शून्य-एकात काढला, एका ओळीत आठ बाइट. वडिलांनी उभा जन्म जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली. चष्मा वर करून प्रत्येक ‘१’वर बोट फिरवत गेले. बिटमॅप खालची ओळ आधी ठेवते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

‘‘मोर डोक्यावर उभा केलास की रे,’’ म्हणाले.