स्टिअरिंग रॅक : घरी बदलावा की गॅरेजमध्ये?
छोट्या हॅचबॅकचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवले की पुढची चाके वळवणारा दांडा, घरी बदलल्यास मजुरी वाचते. मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली न शिरता दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावणे, टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक) सोडवताना किती वेढे फिरले ते मोजून लिहून ठेवणे आणि कॉलमचा (स्टिअरिंगपासून रॅकपर्यंत येणाऱ्या दांड्याचा) सांधा सुटा करण्यापूर्वी स्टिअरिंग सरळ धरून पट्ट्याने बांधणे, हे सारे स्वतःलाच सांभाळावे लागते. स्टिअरिंग मोकळे गरगर फिरले, तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटू शकते आणि वाचलेली मजुरी तिच्यातच जाते. गॅरेजमध्ये लिफ्ट आणि पुलर (घट्ट बसलेले सांधे सोडवायचे अवजार) हाताशी असतात. रॅक कुठेही बदलला, तरी नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावेच लागते. रॅक काढण्यासाठी सबफ्रेम (गाडीच्या पुढच्या भागाखालची जड चौकट) उतरवावी लागणाऱ्या गाडीसाठी मी गॅरेजच निवडेन.