तिसरी गोळी कोणती: पायोग्लिटाझोन की सिटाग्लिप्टिन?

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या चालू असूनही साखर ऐकत नाही, मग डॉक्टर "आता तिसरी जोडू" म्हणतात आणि चिठ्ठीवर बऱ्याचदा या दोघींपैकी एक येते. मी दोन्ही खाऊन बसलोय.

पायोग्लिटाझोन स्वस्त आणि दणकट. माझं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.३ वरून ७.१ वर तिनेच आणलं, खोटं कशाला बोलू? फॅटी लिव्हर असेल तर डॉक्टर मुद्दाम देतात. २०१३ साली सरकारने ती बंद करून दीडेक महिन्यात ठळक इशाऱ्यासह परत आणली, पण तो वाद मूत्राशयाच्या कर्करोगाचा. माझं दुखणं निराळं.

ही गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर तासभर राहायचा. तेही चाललं असतं. पण मधुमेहाने डोळ्यातल्या केशवाहिन्या आधीच गळक्या झाल्या असतील, तर पडद्याच्या मधोमध, मॅक्युलातही, सूज येऊ शकते. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, तरी गोळीच्या माहितीपत्रकात इशारा आहे. आणि माझ्या पडद्यावर रक्ताचे दोन-चार ठिपके आधीपासूनच.

म्हणून फ्रिजवर ॲम्स्लर ग्रिडचा चौकटीचा कागद चिकटवला. रोज चहाआधी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघायचं, रेघा वाकड्या दिसतायत का. एखाद्या सकाळी कोपऱ्यातली रेघ जरा हलल्यासारखी वाटली की झालं! गोळी, मोतीबिंदू, की काचेवरचा तेलकट डाग? दोनदा ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करून आलो, दोन्ही वेळा पडदा कोरडा, सूज नाही. ड्रॉपने बाहुल्या फाकलेल्या, भर उन्हात टिळक रोडवरून रिक्षाने घरी, स्कूटर दवाखान्याबाहेरच. बायको म्हणाली, "साखर उतरली, आता बीपी चढवून घ्या."

सिटाग्लिप्टिनवर एचबीएवनसी ७.४ ला अडकलं, म्हणजे जोर कमीच. २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर किंमत मात्र खिशाला झेपेल इतकी झाली. मूत्रपिंड मंदावलं असेल तर डोस कमी करावा लागतो. डोळ्याला ती राखते असं मी म्हणणार नाही. पण मोज्याचा वळ गेला, आणि फ्रिजवरचा कागद आता रविवारीच बघतो.

पडदा स्वच्छ, हृदय ठणठणीत आणि लिव्हरची तक्रार असेल, तर पायोग्लिटाझोनला लगेच नाही म्हणू नये. ठिपके असतील किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मला वाटतं डॉक्टरांशी सिटाग्लिप्टिनचं बोलून बघावं. मनाने गोळी बंद करू नका. आणि डोळ्यात ड्रॉप घालणार असतील त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा.