जुना कार्बोरेटर धुवायचा की नवा बसवायचा?

दसऱ्याला इंजिनाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला चालू झालं. पूर्ण रेस दिली की बोट नाक वर करून पळायची, पण रेस कमी केली की इंजिन दोनदा ठसकायचं आणि विझायचं. आबा काठावरून बघत होते. म्हणाले, "पूजा व्हयनी, आते मिस्तरीले बलाव."

आमचं थोडं शेत तापीच्या पलीकडच्या काठाला आहे, प्रकाशा गावच्या बॅरेजच्या फुगवट्यालगत. पुलावरून फिरून गेलं तर अर्धा तास, बोटीनं दहा मिनिटं. इंजिन ८ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, कोकणातल्या एका मच्छीमाराकडून जुनं घेतलेलं. नवं घेण्याची ऐपत आणि इच्छा दोन्ही नाही. असंच इंजिन बाळगून "जुना कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) साफ करू की ऑनलाइन नवा मागवू" या विचारात कोणी असेल, तर मी दोन्ही करून बसलोय.

आधी एक गोष्ट. कार्बोरेटरवर नेहमी पहिला आळ येतो आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. मी स्वतः पहिले तीन दिवस वाया घालवले, म्हणून सांगतो. इंजिन दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग मरत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. तो बंद राहिला की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येणंच थांबतं. इंजिन मरायला लागताच पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबून बघा. दाबल्यावर जीव धरत असेल, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, पाइप किंवा जोडणीतली रिंग तपासा. माझी रिंग खरंच चिरलेली निघाली. ती बदलल्यावर निम्मा त्रास गेला आणि हळू चालण्याचा तेवढा राहिला. गरम झाल्यावर मरतं आणि थंड झालं की जसं काही झालंच नाही असं सुरू होतं? मग ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे बघा. रेस वाढते पण बोट जागची हलत नाही, तेव्हा पंख्याच्या आतलं रबर फिरलंय. आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल, तर हा लेख इथंच सोडा. कार्बोरेटर सोन्याचा बसवला तरी उपयोग नाही.

माझं कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं होतं, ठिणगी निळी होती. वरच्या रेसला चांगलं आणि खाली मरतं, याचा सरळ अर्थ हळू चालताना पेट्रोल मोजून सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक जेट, म्हणजे पायलट जेट, आणि त्याच्या पुढची सुईच्या टोकाएवढी भोकं. कारणही सरळ आहे. पावसाळ्यात बॅरेजची दारं उघडी असतात, वर हतनूर धरणातून पाणी सोडलं की तापीचा रंग बघण्यासारखा असतो, त्यामुळे बोट जूनपासून चार महिने शेडमध्ये पडून असते. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि खाली उरतं ते ऑइल आणि चिकट, मधासारखा साका. त्यात आता पंपावरचं पेट्रोल. २०२२ मध्ये इथेनॉल १० टक्के झालं होतं, आता २० टक्के आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं. टू-स्ट्रोकमध्ये यातली खरी भीती वेगळीच आहे. यात ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, ते पेट्रोलबरोबर वर राहतं आणि टाकीतली नळी ओढते तळाचं. म्हणजे इंजिनात जातं ते बिनतेलाचं. दोन महिने जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका.

तर, दोन वाटा.

शहाद्याला जुन्या लूना दुरुस्त करणारे एक मिस्तरी आहेत. त्यांनी आवाज ऐकला आणि कार्बोरेटरला हात न लावता सांगितलं, "भाऊ, जेट कोंडाई जायेल शे. नवा कसाले लेस?" मी मात्र घाईत होतो, पपईला पाणी द्यायचं होतं. बाहेरूनच कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारला, काही झालं नाही आणि त्याच रात्री फोनवरून नवा मागवला. मूळ कंपनीचा नव्हे. मूळ कंपनीच्या कार्बोरेटरच्या किमतीत आमच्याकडे बकरी येते. हा नक्कल केलेला, दिसायला हुबेहूब. गॅसकीट-सुईचं किट ज्या भावात मिळतं, त्याच्या साधारण चौपट पैसे पडले.

नव्याच्या बाजूनं बोलायचं तर बसवायला पाऊण तास लागला. दोन बोल्ट, पेट्रोलचा पाइप, चोकची दांडी. दांडीचं भोक दोरा-दोरा इकडेतिकडे होतं, ते कानशीनं सरळ केलं. इंजिन पहिल्या ओढीला चालू झालं. हात घाण झाले नाहीत, दिवस गेला नाही, रबर सगळं नवं. ज्याला जेट म्हणजे काय याचं घेणंदेणं नाही आणि उद्या सकाळी बोट हवी आहे, त्याला मी हे नको म्हणणार नाही.

पण आठवडाभरानं ती कटकट सुरू झाली आणि माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. पलीकडच्या काठाला आमच्या पंपाच्या पाइपाजवळ काळे दगड आहेत. तिथं रेस अगदी खाली आणून, गिअर न्यूट्रलला टाकत टाकत जावं लागतं. बरोबर तिथंच इंजिन बंद. वल्हं हातात येईपर्यंत बोट दगडावर. एकदा पंख्याची पिन तुटली. स्लोचा स्क्रू, म्हणजे हळू चालताना लागणारं मिश्रण ठरवणारा, पुन्हा लावला, ठीक झालं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं पेट्रोलच खराब. मग घरातून नेलपॉलिश आणून स्क्रूच्या डोक्यावरून कार्बोरेटरच्या अंगावर एक लाल रेघ ओढली. सुकू दिली. दोन फेऱ्या मारून आलो आणि बघितलं तर रेघेचे दोन तुकडे झालेले, स्क्रूवरचा तुकडा पाव फेरा पुढे सरकलेला. स्क्रूखालची स्प्रिंग इतकी मऊ होती की इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू आपोआप फिरत होता. जुन्या कार्बोरेटरची स्प्रिंग काढून बघितली, तर नव्याचा स्क्रू बारीक, त्यावर ती खुळखुळते. डॉटपेनची स्प्रिंग कापून घातली. ती चार दिवस टिकली. शेवटी मी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन शेतावर जायला लागलो. घरचे हसायचे.

माझ्या वाट्याला आलेलाच तुकडा असा असेल, हे मान्य. दुसऱ्याचा चांगला निघेलही. पण त्या कार्बोरेटरवर जेटचा आकडाही कोरलेला नव्हता आणि ते मला जास्त खटकलं. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं तर ऑइलही कमी पडतं, कारण ते त्यातूनच येतं. शिवाय मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की पिस्टन तापतो. फोरस्ट्रोकवाला थोडी चूक सहन करेल, हे इंजिन चिकटेल. मी प्लग काढून बघितले, चिनीमातीचा भाग जवळजवळ पांढरा पडलेला. मूळ कार्बोरेटरवर तोच भाग चहाच्या रंगाचा असायचा. तेवढ्यावरून नक्की काही म्हणता येत नाही, पण माझा जीव धडधडला.

मग एका रविवारी जुना काढला आणि मिस्तरींसमोर बसून पूर्ण उघडला. उघडणं म्हणजे खरंच उघडणं. वाटी, फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा), त्याची सुई, दोन्ही जेट, आणि वरच्या बाजूला तीन बारीक स्क्रूंचं एक छोटं झाकण असतं ते. बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. त्या झाकणाखाली स्लोची भोकं असतात. आमच्या तीनपैकी दोन भोकं दिसतच नव्हती. मिस्तरींनी शिवायची सुई किंवा स्टीलची तार लावू दिली नाही, भोक अर्ध्या केसानं मोठं झालं तरी जेट कामातून गेला म्हणाले. गळाला लावतात तो बारीक तंगूस घेतला, आधी जेट स्प्रेमध्ये तासभर बुडवून ठेवला, मग तंगूस आरपार घातला. पायलट जेट उजेडाकडे धरला तेव्हा आत टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला. मिस्तरींनी चष्मा वर केला, "आते दिखस ना?" एवढंच बोलले. मग सगळीकडून हवा मारली. हे करताना चष्मा लावाच, स्प्रे उलटा डोळ्यात येतो. सुई आणि गॅसकीट किटमधले नवे घातले, फ्लोट सरळ केला.

यात संध्याकाळ गेली. जुन्याचा तोटा हाच, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. किट यायला आठ दिवस लागले, एक स्क्रू गंजून बसला होता तो काढताना डोकं फिरलं, गॅसकीट एकदा उलटं बसवलं आणि पेट्रोल पाझरलं. शिवाय आळस केला तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

पण बसवल्यावर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा मागे सोडला. माझ्या इंजिनाला हेच बसलं, तुमच्याला कंपनीच्या पुस्तकात असेल तेच धरा. आणि ही सेटिंग पिंपात उभं करून करू नका. बोट पाण्यात, इंजिन गरम, गिअर पुढे टाकलेला, तेव्हा करा. पिंपात लागलेली सेटिंग नदीत बदलते, हा अनुभव आहे. नेलपॉलिशची रेघ याही स्क्रूवर ओढली. फेब्रुवारी उलटला, रेघ अखंड आहे. दगडांजवळ इंजिन टुक टुक करत उभं राहतं, मी निवांत पाइपाला हात घालतो.

तरी नवा घ्यावा अशी वेळ असते. वाटी उघडल्यावर आत पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले, म्हणजे पाण्यानं धातू खाल्ला, तर धुऊन काही होत नाही. थ्रॉटलची, म्हणजे रेसची, दांडी बोटानं वरखाली हलत असेल तर तिथून हवा शिरते, स्लो कधीच लागणार नाही. पण अशा वेळीही शक्य असेल तर त्याच इंजिनाचा जुना मूळ कार्बोरेटर मिळतो का ते बघा, मुंबई-रत्नागिरीकडच्या भंगारात असे सुटे भाग निघतात. मग नक्कल.

दुसरी वेळ म्हणजे नर्मदेकाठची. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या, सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या काही गावांना रस्त्यापेक्षा बोट जवळची. तिथं बारीक जेट उजेडाकडे धरून बघायला मिस्तरी कुठून आणणार? अशा बोटीत जुना कार्बोरेटर चालू ठेवावा आणि नवा डब्यात घालून बरोबर ठेवावा, असं मला वाटतं. दोन बोल्ट, पाऊण तास, घरी पोचण्यापुरतं चालतं.

पावसाळ्याआधी मात्र दोन्हींना एकच औषध. शेवटच्या दिवशी पेट्रोलचा पाइप काढून इंजिन पाण्यातच चालू ठेवायचं, वाटीतलं संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. मग वाटीच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेलं कापडावर टिपायचं. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते सहा वर्षं केलं नव्हतं.

माझा नवा कार्बोरेटर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडून होता. गेल्या महिन्यात मोलगीकडचे एक पाहुणे, तसंच इंजिन असलेले, तो घेऊन गेले. स्क्रूचं सगळं सांगितलं, नेलपॉलिशची बाटलीही दिली. अजून फोन नाही. चालत असेल, नाहीतर तिकडे रेंज नसेल.