डबस्टेपचा बेस शिकण्यासाठी व्हायटल: बरेच महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ (संगणकावर आवाज घडवणारं वाद्य) माझ्या लॅपटॉपवर जवळजवळ रोज उघडला जातो, आणि तोही एकाच कामासाठी. डबस्टेप या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारातला बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला जड आवाज, मुळापासून घडवायला शिकायचं होतं. तयार प्रीसेट (आधीच घडवून ठेवलेले आवाज) लावून ट्रॅक उरकण्यात मला रस नव्हता. तो गुरगुरणारा, माणूस बोलतोय असं वाटायला लावणारा आवाज कशाने तसा होतो, कुठला नॉब फिरवला की 'वॉव'चा 'याय' होतो, हे हाताला कळायला हवं होतं. तेव्हा हा अनुभव शिकणाऱ्याच्या बाजूने वाचा. लग्नाच्या संगीतासाठी किंवा जाहिरातीच्या जिंगलसाठी हा सिंथ कसा आहे, ते इथे मिळणार नाही.

मॅट टायटेल यांनी बनवलेला व्हायटल नोव्हेंबर 2020 मध्ये आला. मूळ आवृत्ती फुकट आहे. 25 आणि 80 डॉलरच्या आवृत्त्यांत प्रीसेट आणि वेव्हटेबल (लाटांच्या आकारांचे संच) जास्त मिळतात, पण आवाज तयार करणारं इंजिन तिन्हींत तेच. ही गोष्ट विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठी आहे. डबस्टेप करणाऱ्यांमध्ये आधी मॅसिव्ह आणि 2014 नंतर सिरम या सिंथचं राज्य होतं, आणि सिरमची किंमत कित्येक वर्षं 189 डॉलर होती. कॉलेजातल्या मुलाला ते झेपत नाही. आज तेच तंत्र एक पैसा न देता शिकता येतं, आणि कुठे हात आखडता घेतलाय असंही वाटत नाही.

मला याची सगळ्यात आवडलेली बाजू म्हणजे इथे आवाज दिसतो. एलएफओ म्हणजे एखादा नॉब आपोआप वरखाली हलवणारी संथ लाट. तिच्या खुणेला धरून फिल्टरच्या कटऑफवर (आवाज कुठपासून कापायचा ते ठरवणारा नॉब) सोडलं की त्या नॉबभोवतीची कड हलायला लागते, फिल्टरची रेषा वरखाली होते, मूळ आवाज काढणाऱ्या ऑसिलेटरमधली लाट डोळ्यांदेखत आकार बदलते. कान तयार होईपर्यंत डोळ्यांचा हा आधार लागतो. 'हा आवाज मध्येच असा नाकात का गेला?' असा प्रश्न पडला की उत्तर समोर पडद्यावर हलत असतं.

सुरुवात मी वॉबलपासून, म्हणजे हेलकावणाऱ्या बेसपासून केली, कारण या संगीताची सुरुवातही साधीच होती. दक्षिण लंडनमधलं क्रॉयडन, तिथलं बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान, 2005 पासून ब्रिक्स्टनमध्ये होणाऱ्या डीएमझी नावाच्या पार्टीच्या रात्री. त्या काळातला बेस म्हणजे बहुतेक वेळा एखादी साधी लाट, तिच्यावर लो-पास (वरच्या कंप्रता कापणारा) फिल्टर, आणि तो उघडझाप करणारा एलएफओ. ठोके मिनिटाला 140 च्या आसपास, पण स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणून चाल निम्म्या वेगाची वाटते. मधल्या मोकळ्या जागेत बेस फिरत राहतो.

इथे थोडं गणित कामाला येतं. 140 च्या लयीत एक मात्रा साधारण 0.43 सेकंदाची. एलएफओ आठव्या हिश्श्याच्या ट्रिपलेटवर ठेवला की एका मात्रेत तीन, म्हणजे सेकंदाला बरोबर सात हेलकावे. चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे मात्रेला एकच हेलकावा असा ठेवला तर सेकंदाला सव्वादोनच्या किंचित वर. हे दोन वेग एकाच ओळीत आलटून पालटून वापरले की तो ओळखीचा डबस्टेप डोलायला लागतो. एलएफओचा वेग ऑटोमेशनने (ट्रॅक वाजताना नॉब आपोआप फिरवण्याची सोय) बदलणं हाच माझा पहिला खरा धडा होता, आणि अजूनही सगळ्यात जास्त मजा त्यातच येते.

व्हायटलमध्ये एलएफओचा आकार हाताने काढता येतो. दोनदा क्लिक केलं की बिंदू पडतो, मधली रेघ ओढली की ती वाकते. याला कमी लेखू नका. सरळ उतरणारी रेघ आणि आधी हळू, मग झपकन कोसळणारी रेघ यांत कानाला जमीन-अस्मानाचा फरक असतो. डग्ग्यावर थाप पडल्यानंतर तळहाताचा गादीचा भाग जो सरकतो, त्या सरकण्यात 'घे'चा सगळा जीव असतो. बेसचंही तेच आहे. मूळ आवाज कितीही भारी निवडा, वक्र मेलेला असेल तर बेस मेलेलाच वाटतो. म्हणून माझा वेळ आता वेव्हटेबल शोधण्यात कमी आणि वक्र घासण्यात जास्त जातो.

आता गुरगुर. त्यासाठी एफएम समजून घ्यावं लागतं: एका लाटेने दुसरीची कंप्रता फार वेगाने वरखाली ढकलायची. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये हे तंत्र शोधलं आणि 1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथमुळे ते घराघरांत पोचलं. 2010 च्या आसपास अमेरिकन निर्माता स्क्रिलेक्स आणि मंडळींनी डबस्टेपला जो कर्कश, चावरा चेहरा दिला, त्यातही एफएमचा मोठा हात आहे. व्हायटलमध्ये मी असं करते: पहिल्या ऑसिलेटरवर साधी लाट, दुसऱ्यावर साइन, 12 सेमीटोन वर. दुसऱ्याचा आवाज शून्यावर, तो ऐकू यायची गरज नाही. पहिल्याच्या खालच्या निवडीत 'दुसऱ्या ऑसिलेटरकडून एफएम' निवडायचं आणि त्याच्या प्रमाणावर एलएफओ सोडायचा. प्रमाण वाढेल तसे वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या वरचे स्वरांश) फुटत जातात आणि नुसत्या गुळगुळीत साइनमधून दात दिसायला लागतात. दुसरा ऑसिलेटर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत ठेवला तर आवाज सुरात राहतो. एखाद-दोन सेमीटोन इकडेतिकडे सरकवला की तो घंटेसारखा, धातूचा होतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण कधी कुठलं वापरायचं ते ठरवूनच.

आणि फेज, म्हणजे लाट कुठल्या जागेपासून सुरू होते ते. ऑसिलेटरच्या फेजशेजारी यादृच्छिकतेचा आकडा असतो, तो मुळात पूर्ण वर असतो. बेससाठी तो शून्यावर आणा. नाहीतर दर वेळी स्वर लाटेच्या वेगळ्याच जागेपासून सुरू होतो, कधी ठोका दणक्यात बसतो, कधी पोकळ निघतो, आणि तुम्ही उगाच कम्प्रेसरशी (आवाजातले चढउतार दाबणारा इफेक्ट) झगडत बसता.

बोलणारा बेस हा यातला सगळ्यात समृद्ध भाग. कुजबुजत 'आ' म्हणा आणि हळूहळू 'ई'कडे जा. गळ्यातून निघणारी हवा तीच, तोंडाची पोकळी मात्र बदलते, आणि काही ठरावीक पट्टे उठून ऐकू येतात. त्यांनाच फॉर्मंट म्हणतात. पुरुषाच्या आवाजात 'आ'चे पहिले दोन पट्टे ढोबळमानाने 700 आणि 1100 हर्ट्झच्या आसपास असतात. 'ई'ला पहिला 300 च्या जवळ खाली येतो आणि दुसरा 2200 च्याही वर निघून जातो. म्हणजे दोन डोंगर एकमेकांपासून लांब जाताना ऐकू आले की कान म्हणतो, 'तोंड हललं.' व्हायटलच्या फिल्टरमध्ये फॉर्मंट नावाचा प्रकार आहे, त्यात हे स्वर चौकोनाच्या कोपऱ्यांत बसवलेले आहेत आणि एलएफओने एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाता येतं. एफएमवाल्या गुरगुरीपुढे हा फिल्टर ठेवा, नुसत्या साइनपुढे नको. साइनमध्ये कोरून काढायला काही नसतंच.

याहून पुढची गंमत म्हणजे आपलाच आवाज वेव्हटेबल म्हणून भरता येतो. मी फोनवर 'आई' असा लांब शब्द एकाच पट्टीत म्हणून रेकॉर्ड केला, ती फाइल ऑसिलेटरवर ओढून सोडली, व्होकोडचा पर्याय निवडला, आणि फ्रेमच्या जागेवर (वेव्हटेबलमधला कुठला आकार वाजतो ते ठरवणारा नॉब) हाताने काढलेला एलएफओ लावला. खालच्या एफ स्वरावर बेस चक्क 'आई' म्हणाला! वर थोडं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) चढवल्यावर तो शब्द राहिला नाही, पण त्याची चाल राहिली, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही प्रीसेट बँकेत मिळणार नाही असा आवाज हाती आला. मराठीत 'ऐ', 'औ', 'य' असे सरकणारे उच्चार भरपूर आहेत. ते एकेक करून घालून बघा.

डिस्टॉर्शन आणि मल्टिबँड (खालचे, मधले, वरचे पट्टे वेगवेगळे दाबणारा) कम्प्रेसर हे दोन्ही व्हायटलमध्येच आहेत. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या 'ओव्हर द टॉप' नावाच्या प्रीसेटमुळे डबस्टेपवाल्यांना ज्या घट्ट, सगळे तपशील पुढे ढकललेल्या आवाजाची सवय लागली, तो इथल्या कम्प्रेसरने बराचसा मिळतो. मात्र मिक्सचा नॉब 30-40 टक्क्यांवरच ठेवा. पूर्ण वर नेला की सगळं सपाट होतं आणि वक्रांवर केलेली मेहनत पुसली जाते.

सब, म्हणजे सगळ्यात खालचा बेस, वेगळ्या ट्रॅकवर. यात तडजोड नाही. स्वच्छ साइन, मोनो, युनिझन (एकच स्वर अनेक थरांत वाजवणं) बंद, फेज पक्की. खालचा एफ म्हणजे सुमारे 43.7 हर्ट्झ, आणि गुरगुरणारा थर 100-120 हर्ट्झच्या खाली कापून टाकायचा, म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. फोनच्या स्पीकरवर 44 हर्ट्झ येतच नाही, तरी बेस ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून सबलाही किंचित सॅच्युरेशन (सौम्य डिस्टॉर्शन) दिलं तर रिक्षात फोनवर ऐकणाऱ्यापर्यंत ओळ पोचते.

मर्यादाही सांगायला हव्यात. प्रत्येक इफेक्टची एकच प्रत मिळते. क्रम बदलता येतो, पण डिस्टॉर्शन, मग फिल्टर, मग पुन्हा दुसरं डिस्टॉर्शन अशी साखळी आत होत नाही. त्यासाठी बाहेरचे प्लगिन लागतात. युनिझनचे बरेच आवाज आणि वरची ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारकाईने मोजणं) एकत्र केली की जुन्या लॅपटॉपवर ताण येतो. फुकट आवृत्तीतले प्रीसेटही मोजके आहेत, पण शिकणाऱ्यासाठी मी ते चांगलंच मानते.

ताणावरचा उपाय आणि डबस्टेपचं खरं कौशल्य मात्र एकच निघतं: रिसॅम्पलिंग. आठ-दहा बार नॉब फिरवत आवाज ऑडिओत उतरवा, सिंथ बंद करा, आणि त्या फाइलमधून चांगले तुकडे कापा. एखादा उलटा करा, एखादा ताणा, एखाद्यावर पुन्हा डिस्टॉर्शन घाला, आवडलेला तुकडा परत व्हायटलमध्ये वेव्हटेबल म्हणून टाका. तीन फेऱ्यांनंतर मूळ आवाज ओळखूही येत नाही. माझ्याकडे रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे झटपट होतं, पण अशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जमेल. फायलींना नाव देताना स्वर आणि लय लिहून ठेवा, उदाहरणार्थ 'एफ, 140, आई-गुरगुर', म्हणजे महिन्याभराने सापडतील.

25 डॉलर भरायचे का, असं विचाराल तर आत्ता नको. आधी स्वतः घडवलेल्या आवाजांचं एक फोल्डर भरू द्या. त्यानंतरही वेव्हटेबल कमी पडताहेत असं वाटलं, तर बिनधास्त भरा. आणि पैसे आज खर्चायचेच असतील, तर 40 हर्ट्झपर्यंत नीट ऐकवणाऱ्या हेडफोनवर करा. ते नसतील तर सबचं सगळं काम अंदाजाने करावं लागतं.